पटावर नसलेली माणसे

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या घरच्या मुलांनी लढाईचा पट बनविण्याचा हट्ट धरला. पट म्हणजे सोंगट्यांचा वा बुद्धिबळाचा नव्हे; टेबलावर मावेल असा एक छोटासा भूप्रदेशच. त्यात टेकड्या, खाडी, झाडे, तटबंदी असे सारे असावयाचे, त्यावरून दोन सैन्ये फुटपट्टीने अंतर मोजीत पुढे सरकावयाची आणि कोण पडला, कोण उरला हे फाशांनी ठरवावयाचे. थोरल्याने हा खेळ एका मित्राकडे पाहिला होता. विकतचे साहित्य आमच्या आवाक्याबाहेरचे, तेव्हा घरीच करू, हा त्याचा प्रस्ताव. धाकटीने व शेजारच्या मुलाने त्यास तत्काळ अनुमोदन दिले. आम्ही उभयतांनीही होकार दिला, आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर तो केवळ मुलांच्या प्रेमापोटी नव्हता. पुठ्ठे कापणे, खळ शिजविणे, रंग कालविणे यांची हौस वय वाढले म्हणून सरत नाही.

पहिल्याच रविवारी मिस्सेनंतर आमच्या वडील भगिनी घरी आल्या. त्या धर्मभगिनी आहेत. मुले त्यांना 'सिस्टर आत्या' म्हणतात. ओटीवरचा पसारा पाहून प्रथम त्यांना वाटले की, यंदा नाताळाच्या गोठ्याची तयारी फारच लवकर सुरू झाली. खरे काय ते कळल्यावर त्या गप्प झाल्या. जेवणाच्या वेळी म्हणाल्या, "ज्या हातांनी गोठा करता त्याच हातांनी माणसं मारायचा खेळ? आणि तोही पोरांना जवळ बसवून?"

"आत्या, बुद्धिबळसुद्धा लढाईच आहे की," थोरला म्हणाला.

"असेल. पण बुद्धिबळाच्या घरांत कुणी राहत नाही. तुम्ही इथं कौलं घातलेली घरं मांडलीत. ती कुणाची?"

आमच्यापैकी कोणाजवळच त्याचे उत्तर नव्हते. सिस्टर आत्यांनी जेवणानंतर कात्री मागून घेतली आणि पटावरची नारळाची झाडे त्यांनीच सर्वांत सुरेख केली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

पटाच्या कारागिरीविषयी थोडे सांगतो, कारण पुढील सारा विचार तिच्यातूनच निघाला. जुन्या कपाटाच्या दाराची चार फूट लांब व तीन फूट रुंद फळी घेतली. सजावटीच्या थर्मोकोलवर महाराष्ट्रात २०१८ सालापासून बंदी आहे. ती नसती तरी पुठ्ठाच बरा, असे आमचे मत झाले आहे. पुठ्ठ्याचे एकाहून एक लहान तुकडे पायऱ्यांसारखे रचावे, त्यांवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीत भिजवून चिकटवाव्या, म्हणजे दोन दिवसांच्या उन्हात टेकडी दगडासारखी कडक होते. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालीत, म्हणजे कीड लागत नाही. मुलांचे हात खळीत असल्याने आम्ही ते टाळले. परिणामी एका सकाळी सारी टेकडी मुंग्यांनी काबीज केलेली आढळली. फळी एकाच बाजूने भिजली की वाकते, म्हणून दोन्ही बाजूंस रंगाचा हात द्यावा लागतो. हे ज्ञान आम्हांस फळी वाकल्यानंतर झाले. किनाऱ्यावरची वाळू धुऊन, वाळवून, चाळून घेतली. सुताराकडचा भुसा हिरव्या रंगात कालवला. झाडूच्या हिरांना पताकेच्या कागदाच्या झिरमिळ्या लावून माड झाले, काथ्याच्या झुपक्यांची तिवरे झाली, आगपेटीच्या काड्यांचे बांध घालून मिठागरे आखली. खाडी मध्ये गडद, कडेला फिकी रंगवून तिच्यावर डिंकाचे पातळ थर दिले, तेव्हा ती खरोखर ओली दिसू लागली.

वाचकांच्या ध्यानी आले असेल की, हा प्रदेश दुसरातिसरा कोणता नसून आमचीच वसई होती. मुलांनी लढाई निवडली ती १७३९ सालची. औषधांच्या रिकाम्या डब्यांचे बुरुज झाले. शिपाई म्हणून दुकानात हिरव्या प्लॅस्टिकचे आधुनिक बंदुकधारी मिळत होते. ते विजोड दिसले असते. तेव्हा मराठ्यांकडून चिंचोके आणि पोर्तुगीजांकडून शर्टाची पांढरी बटणे असे ठरले. एक चिंचोका म्हणजे पन्नास माणसे.

फळीवरचा रंग वाळण्यापूर्वीच धाकटीने विचारले, "आपण कुठल्या बाजूचे?"

हा प्रश्न वसईच्या कोणत्याही ख्रिस्ती घरात सोपा नाही. तटाच्या आत आमच्या धर्माचे लोक होते. तटाबाहेर आमच्या भाषेचे. बुरुजांना संतांची नावे होती, आणि त्यांपैकी सान सेबास्तियनच्या बुरुजाखाली सुरुंग लावणारे हात ज्या मराठीत एकमेकांना हाका मारीत होते, तिच्यातच आज आम्ही प्रार्थना करतो. एरवी आम्ही इतिहास सांगतो तो सोयीने सांगतो: चर्चचे भग्न तट दाखविताना एका बाजूचा, शाळेच्या स्नेहसंमेलनात दुसऱ्या बाजूचा. पटापुढे ती सोय उरली नाही, कारण तेथे प्रत्येकाला हातात बटण तरी घ्यावे लागते, नाहीतर चिंचोका. विचार करता करता आमच्या ध्यानी आले की, आमचे पूर्वज बहुधा या दोहोंतही नव्हते. ते वाड्यांत होते, मिठागरांवर होते, होड्यांत होते. किल्ल्यावर निशाण कोणाचेही असो, सारा भरणारे तेच. म्हणजे सिस्टर आत्यांनी ज्या कौलारू घरांविषयी विचारले होते, ती घरे आमची होती.

आता खेळाच्या नियमांत घरांचे स्थान काय असते ते पाहा. घर हा अडथळा. सैन्य घरांतून जाऊ लागले की त्याची चाल निम्मी होते; घराच्या आड असलेल्यावर नेम कमी लागतो. बस्स. झाडीचा नियमही तोच, दलदलीचाही जवळजवळ तोच. या खेळाचा पूर्वेतिहास पाहिला तर त्याचे आश्चर्य वाटत नाही. प्रशियात फॉन राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने १८१२ साली राजासाठी हलत्या तुकड्यांचा भूप्रदेश असलेले एक मेज तयार केले. त्याच्या लष्करी अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ च्या सुमारास त्यात सुधारणा करून तो खेळ सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी दिला, आणि प्रशियाच्या लष्कराने तो उचलला. सेनाधिकाऱ्याला घराविषयी एवढेच जाणून घ्यावयाचे असते की, ते वाटेत आहे किंवा नाही. दिवाणखान्यातला खेळ पुढे याच घराण्यातून आला. स्कॉटिश लेखक स्टीव्हन्सन हे दावोस येथे प्रकृतीसाठी राहत असता आपल्या सावत्र मुलाबरोबर माळ्याच्या जमिनीवर नकाशा आखून शिशाचे शिपाई तासन् तास लढवीत. एच. जी. वेल्स यांनी तर १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचे नियमांचे पुस्तकच लिहिले. त्यांत पायदळाची चाल एक फूट, घोडदळाची दोन फूट, आणि स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने लाकडी गोळा खरोखर मारावयाचा.

वेल्स यांना हिंसेची आवड होती असे नव्हे. त्यांचे म्हणणे असे की, हा खेळ तीनचार वेळा खेळणाऱ्यास खरे युद्ध किती गोंधळाचे व मूर्खपणाचे असेल हे आपोआप पटते; तेव्हा ज्यांना युद्धाची खुमखुमी आहे त्यांनी ती लहान युद्धावर भागवावी. आम्हांलाही सिस्टर आत्यांना हेच उत्तर द्यावयाचे होते. परंतु त्या पुस्तकानंतर वर्षभरातच, १९१४ साली, महायुद्ध पेटले आणि स्वतः वेल्स यांनीच त्या युद्धाची तरफदारी करणारे लेख लिहिले. युद्ध संपविणारे युद्ध, असे त्यांचे समर्थन होते. ज्याने खेळाचे नियम रचले त्यालाच खेळाने शहाणे केले नाही, तर आमच्या ओटीवरच्या तीन मुलांना करील, हा दावा आम्ही कोणत्या तोंडाने करावा? म्हणून ते उत्तर आम्ही सोडून दिले. उलट, खेळामुळे मुले क्रूर होतात हेही आमच्या अनुभवास आले नाही. ती भांडली ती फुटपट्टी तिरकी धरण्यावरून.

आम्हांस खटकले ते निराळेच. तिसऱ्या लढाईत मराठ्यांची फळी तटाच्या खिंडारात पडली. खेळ संपल्यावर थोरल्याने पडलेले चिंचोके गोळा केले आणि एका मुठीत घेऊन डब्यात टाकले. शंभराच्या आसपास असतील. त्या वेढ्यात मराठ्यांकडील मृत व जखमी मिळून पाच हजारांवर गेल्याचे इतिहासकार सांगतात. पाच हजार म्हणजे शंभर चिंचोके. मुठीत बरोबर बसतात. आम्ही हा हिशेब मुलांना सांगितला, तेव्हा ती क्षणभर डब्याकडे पाहत राहिली आणि मग विचारू लागली की, पुढच्या डावाला एक चिंचोका म्हणजे शंभर माणसे धरली तर खेळ लवकर आटपेल काय!

खरे तर आमच्या मुलांना भूप्रदेश मांडण्याची कला या खेळाने शिकविलीच नाही. ती त्यांना दोन ठिकाणांहून येते. एक, नाताळाचा गोठा. दुसरे, दिवाळीत शेजारच्या आळीत मातीचे किल्ले होतात, त्यांवर चिखल थापण्यास आमची मुले दरवर्षी हजर असतात. त्या किल्ल्यावर अळीव पेरून हिरवळ उगवतात. शिवाजी महाराज सिंहासनावर असतात, मावळे बुरुजांवर असतात. पण पायथ्याशी पाहावे तर तेथे गवळण असते, भाजीवाली असते, बैलजोडी असते, आरशाच्या तुकड्याचे तळे असते. गोठ्यातही तसेच. बाळ येशू, मारिया, योसेफ यांच्याभोवती मेंढपाळ, पाणी वाहणारी बाई, कोंबड्या, आणि आमच्याकडे तर एक टोपलीवाली कोळीणही. या दोन्ही मांडण्यांत जग भरलेले असते. फक्त लढाईच्या पटावर ते रिकामे करावे लागते, नाहीतर खेळ चालत नाही. सिस्टर आत्यांचा आक्षेप माणसे मारण्यावर होता. आम्हांला वाटू लागले की, दोष त्याच्याही आधी घडतो, पट रिकामा करण्याच्या वेळी.

म्हणून आम्ही एक सुधारणा सुचविली. किनाऱ्यावरून आणलेले वीस बारीक शिंपले वाड्यांत मांडले. हे गावकरी. ज्याच्या माऱ्यात शिंपला सापडेल त्याचे दोन डाव जप्त. आपण काहीतरी फार चांगले केले, अशा समाधानात आम्ही त्या रात्री झोपलो.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या मुलाने आपली सारी बटणे शिंपल्यांच्या मागे नेऊन उभी केली. "आता मारा," तो हसत म्हणाला. थोरल्याला मारता येईना. नियमाचा भंग कोठेच झाला नव्हता. आम्हांला त्या मुलाचा रागही आला आणि लाजही वाटली, कारण त्याला ही युक्ती कोणी शिकविली नव्हती. ती आमच्या नियमानेच त्याच्या हाती दिली होती. शिंपल्याला किंमत आली ती दंडामुळे, आणि किंमत येताच त्याची ढाल झाली. खऱ्या जगात हेच होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'गाउदियुम एत स्पेस' या दस्तऐवजात स्पष्ट म्हटले आहे की, नगरे व त्यांतील रहिवासी यांचा सरसकट विध्वंस करणारी युद्धकृती हा देवाविरुद्ध व मानवाविरुद्ध गुन्हा आहे. ते वाचताना आम्हांस नेहमी वाटे की, एवढे स्पष्ट सांगितल्यावर उरले काय? उरते ते हे, की निर्दोषाला वाचविणारा नियमसुद्धा त्याला वस्तूच मानून चालवता येतो. मारणाऱ्याने तो टाळावयाचा, लपणाऱ्याने वापरावयाचा. त्याला स्वतःला काय हवे, हे दोघांनीही विचारावयाचे नाही.

ते विचारले धाकटीने, अर्थात तिच्या पद्धतीने. दोघे दादा वाद घालीत असता तिने शिंपले उचलून पुढे सरकविले.

"अगं, ते हलत नाहीत!"

"हलतात. ती माणसं आहेत. माझी आहेत ती."

अशा रीतीने खेळात तिसरा गडी आला. तिची चाल दोन्ही सैन्यांनंतर. एका डावात सहा इंच. तिचे शिंपले सैन्यापासून दूर पळू लागले, काही होडीत बसले, शिंपल्यांच्या मागे दडलेली बटणे उघडी पडली. मुलांनी आक्षेप घेतला की, प्रत्येकाला जिंकण्यासाठी काहीतरी लक्ष्य हवे. मराठ्यांना किल्ला घ्यावयाचा आहे, पोर्तुगीजांना राखावयाचा आहे, हिला काय जिंकावयाचे आहे?

"मला वाडीला पाणी द्यायचंय."

"लढाईत?"

"नाही दिलं तर केळी सुकतील."

तिने पटावर विहीर मागितली आणि आम्ही दोऱ्याच्या रिळाचा रहाट करून दिला. दर तिसऱ्या डावाला तिचा एक तरी शिंपला विहिरीशी पोहोचलाच पाहिजे, हा तिचा तिनेच केलेला नियम. तो पाळण्यासाठी पळून गेलेल्यांना ती परत आणी, आणि अनेकदा ते बरोबर तोफांच्या माऱ्यात सापडत. ती चिडे, एकदा रडली. पण नियम बदलला नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने रहाट हाकलेला आहे. मे महिन्यात बागायतीचे पाणी चार दिवस चुकले तर काय होते, हे त्या पिढीला सांगावे लागत नव्हते.

या सुधारणेने खेळ गोड झाला असे मात्र समजू नये. तो लांबला, अडखळला, आणि दोन दिवस मुलगे पट सोडून क्रिकेटला गेले. "हिच्यामुळे लढाई होतच नाही," ही थोरल्याची तक्रार खरी होती. आम्ही मध्ये पडलो नाही. परत येताना मात्र मुलांनी नवाच प्रश्न आणला. पोर्तुगीज खरोखर शेवटच्या माणसापर्यंत लढले का? नाही, आम्ही सांगितले. १७३९ च्या मे महिन्याच्या मध्यास त्यांनी शरणागतीचे निशाण दाखविले, अटी ठरल्या, शिबंदी व कुटुंबे यांना बाहेर पडण्यास आठवडाभर मुदत मिळाली. थोरल्याला हे निराशाजनक वाटले. त्याच्या नियमांत अटी नव्हत्या. डाव एकतर जिंकावयाचा, नाहीतर हरावयाचा. अखेर तिघांनी वहीचे पान घेतले आणि तह लिहावयास बसली. लढाईला दोन तास लागले होते, तहाला पूर्ण संध्याकाळ लागली. कैदी कोणी सोडावे, तोफा कोणाच्या, हे मुलग्यांनी ठरविले. धाकटीचे एकच कलम: विहिरीला कोणी हात लावायचा नाही.

त्या वेळी आम्ही त्यांना खऱ्या तहातले एक कलम सांगितले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपल्या धर्माप्रमाणे उपासना करता यावी, असे त्यात होते. जहाजांत बसून गेलेल्यांची नावे इतिहासात आहेत, आत शिरलेल्यांचीही आहेत. मागे राहिलेल्यांचे नाव नाही. त्यांच्यासाठी एक कलम तेवढे आहे. आपल्या धर्मग्रामांतल्या ज्या कुटुंबांत हा अंक वाचला जाईल, त्यांपैकी बहुतेकांचे पूर्वज त्या एका ओळीत आहेत. "म्हणजे आपण शिंपले," धाकटी म्हणाली, आणि दादांकडे जरा तोऱ्यानेच पाहू लागली.

जूनच्या पहिल्या रविवारी सिस्टर आत्या पुन्हा आल्या. मुलांनी त्यांना विहीर, रहाट, तहाचा कागद सारे दाखविले. त्यांनी लक्षपूर्वक पाहिले. थोरल्याने पूर्वीचा वाद मनात ठेवला होता, तो म्हणाला, "आत्या, संत इग्नासीसुद्धा शिपाईच होते. किल्ला लढवीत होते."

"होते की. पाम्प्लोनाला, १५२१ साली. तोफेचा गोळा पायावर बसला त्यांच्या. मग खाटेवर पडल्या पडल्या काय वाचलं, ते विचार तुझ्या बाबांना."

आम्हांकडे वळून त्या म्हणाल्या, "मला अजूनही हा खेळ आवडत नाही. विहीर केलीत, बरं केलंत. पण विहीर करायला लढाई कशाला लागते?"

आम्ही पुष्कळ बोललो. मुले लढाया खेळणारच, काठीची बंदूक करणारच. निदान आमच्या समोर खेळली तर घरे कोणाची हे विचारता येते, असे काहीसे आमचे म्हणणे होते. त्यांनी ते ऐकून घेतले. पटले असे वाटले नाही. आमच्यापैकी एकाला अजूनही ते पटते, दुसऱ्याला सिस्टरांचे पटते, आणि कोणाला काय पटते हे दिवसागणिक बदलते.

पावसाळ्यासाठी पट जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे. आगमनकाळ सुरू झाला की त्याच फळीवर गोठा मांडावयाचा, असे मुलांनी परस्पर ठरविले आहे. वाळू, माड, विहीर आयती आहेतच, आणि डिंकाची खाडी आता खरवडूनही निघणार नाही, तेव्हा यंदा बेथलेहेमला खाडी असेल. शिंपले मेंढपाळांच्या रांगेत उभे राहणार आहेत. प्रश्न आहे तो किल्ल्याचा. धाकटीला तो काढून टाकावयाचा आहे. थोरला म्हणतो, ठेवू या, तो हेरोदाचा वाडा होईल. शुभवर्तमानात शिपाई आहेत, बेथलेहेमच्या बाळांवर त्यांनीच तलवार चालविली, आणि आपण मात्र दरवर्षी त्यांना गोठ्यातून वगळतो. यावर काय बोलावे हे आम्हांस सुचलेले नाही. सिस्टर आत्यांना पत्र लिहून विचारले आहे.